बिनछापाचे चार टेकू

एरिक पेट्या बनवतो. विमानाने ज्या वस्तू जातात आणि नेहमीच्या खोक्यात मावत नाहीत, अशांच्या पेट्या. भाईंदर पूर्वेला, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांच्या गल्लीत यतीनभाईंचं पॅकिंगचं गोडाऊन आहे. तिथे तो अठ्ठावीस वर्षं काम करतोय. घर उत्तनला, चर्चच्या मागच्या आळीत. सकाळी उत्तनहून बस, मग पूल ओलांडून पायी. कोणी विचारलं, काय काम करता, तर तो म्हणतो, "सुतार हाय." एवढंच. त्याने काय काय पाठवलंय हे त्याच्या तोंडून काढायला वेळ लागतो.

परदेशातल्या देरासरासाठी, म्हणजे जैन मंदिरासाठी, निघालेली संगमरवरी मूर्ती त्याने पाठवलीय. तिला चामड्याचा पट्टा लागता कामा नये, म्हणून सुती दोरखंडाने उचलून. शर्यतीच्या घोड्यासाठी त्याने कप्पा बांधलाय आणि घोड्याच्या नाकाच्या उंचीला झरोका ठेवलाय, कारण वारा लागला नाही तर घोडा भिंतीला लाथा घालतो. एका वेधशाळेचा आरसा पाठवलाय, ज्याला कुणीच हात लावायचा नव्हता, आणि तरीही तो बांधायचा होता. आणि इथे वारलेल्या परक्या माणसांच्या शवपेट्या. त्यांच्यावर बाहेरून आणखी एक साधी पेटी चढवावी लागते, म्हणजे ज्या विमानात वर माणसं जेवतायत त्याच्या पोटात काय चढतंय, ते खिडकीतून कुणाला दिसू नये.

त्याची पद्धत ठरलेली आहे. वस्तू आली की तो आधी टेप काढत नाही. शेजारी बसतो. हाताने चाचपतो. वजन कुठे बसलंय, कुठला कोपरा दुखरा आहे, ते हाताला कळलं की मग पेन्सिल. लाकूड मात्र एकच: छापाचं. हे लाकूड आधी भट्टीत तापवलेलं असतं, आतला गाभा गरम होईपर्यंत, म्हणजे त्यातली कीड आणि अंडी मरतात. मग त्यावर छाप मारतात. बिनछापाची एक ढलपी जरी पेटीत निघाली, तरी परदेशातले तपासनीस सगळी पेटी अडवतात. एकदा चंदनने घाईत एका फटीत तुटक्या झाडूच्या दांड्याचा तुकडा ठोकला होता. चंदन त्याचा जोडीदार, बनारसकडचा, चाळिशीचा, तोंडाने जरा सैल. एरिकने बंद झालेली पेटी पुन्हा उघडली, ब्याऐंशी स्क्रू काढले, तो तुकडा बाहेर काढून चंदनच्या हातात दिला.

"अंकल, इतना सा तो है," चंदन म्हणाला.

"कीड़ा इससे भी इतना सा होता है," एरिक म्हणाला.

एरिकचे वडील होड्या बांधायचे. थोरला भाऊ सॅव्हियोही. एरिक दोघांच्या हाताखाली शिकत होता. मग किनाऱ्यावर फायबरच्या होड्या आल्या. त्यांना कीड लागत नाही, दरवर्षी डागडुजी लागत नाही, आणि त्या बनवायला उत्तनचा सुतार लागत नाही. चोविसाव्या वर्षी एरिक गोडाऊनमध्ये लागला. सॅव्हियो राहिला. "तू खोके बनव," तो हसत म्हणाला होता, "मी तरंगणाऱ्या वस्तू बनवतो." एरिकला तेव्हा ते लागलं होतं. नंतर भाऊ ते दर नाताळला म्हणू लागला, आणि मग ते लागेनासं झालं.

वडील गेल्यावर दुसऱ्या वर्षी सॅव्हियोने एक अकरा फुटी होडी बांधली. मोठ्या बोटीपर्यंत वल्हवत जायची छोटी होडी, सागाची, एकाही फळीला जोड न देता वाकवलेली. त्या किनाऱ्यावरची ती शेवटची लाकडी होडी ठरली. तिच्यानंतर कुणी सॅव्हियोला काम दिलं नाही. तो दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून जाऊ लागला, आणि दहा वर्षांपूर्वी एका वादळात ती बोट परत आली, त्यातले पाच जण परत आले, तो आला नाही. बारा दिवस शोधलं. काहीच सापडलं नाही. चर्चमध्ये त्याच्यासाठी मिस्सा झाली तेव्हा पुढे शवपेटी नव्हती. नुसता फोटो होता, लग्नातल्या फोटोतून कापलेला, खांद्यावर त्याच्या बायकोच्या ओढणीचं टोक राहून गेलेला.

ती बायको म्हणजे कार्मिन. फादरनी दफनभूमीत क्रूस लावू म्हटलं तेव्हा ती नको म्हणाली. "खाली कोन न्हाय आणि वर नाव? मना जमायचं न्हाय." होडी तिच्या अंगणात होती, ताडपत्रीखाली. नोव्हेंबरच्या दोन तारखेला, मृतांच्या दिवशी, सगळं गाव दफनभूमीत जातं तेव्हा कार्मिन ताडपत्री वर करायची आणि होडीत मेणबत्ती लावायची. याबद्दल कुणी काही बोलायचं नाही. पण दर पावसाळ्यात होडीची एकेक फळी मऊ होत चालली होती, आणि ते कार्मिनलाही दिसत होतं.

गेल्या वर्षी युरोपातल्या एका छोट्या म्युझियमकडून मेल आली. कार्मिनच्या मुलीला, शेरॉनला. त्यांची एक बाई दोन वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या लाकडी होड्यांचे फोटो काढत फिरली होती. त्यांना सॅव्हियोची होडी हवी होती. नव्या दालनात, काचेआड, कोरड्या हवेत ठेवणार होते. खाली पाटी: बनवणाऱ्याचं पूर्ण नाव, गाव, साल. दालन उघडायची तारीख ठरलेली होती, जहाजाने पोचली नसती, म्हणून विमानाने.

कार्मिनने आठ दिवस घेतले. मग रविवारी मिस्सेनंतर तिने एरिकला अंगणात बोलावलं.

"ती गेली तर मेनबत्ती लावाया मी कुठं जाऊ?" तिने विचारलं.

एरिकने ताडपत्री वर केली. तळाच्या फळीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. "वयनी, अजून तीन पावसाळे. मंग चुलीत घालाया पन यायची न्हाय."

"आणि तिकडं?"

"तिकडं त्याचं नाव लिवतील. लोक उभं ऱ्हाऊन वाचतील."

"लोकांना वाचता येल त्याचं नाव?"

"शेरॉन त्यांना सांगंल कसं म्हनायचं ते."

कार्मिन हसली, बऱ्याच दिवसांनी. मग म्हणाली, "तू नेशील? तुज्या हातानं?"

"माज्या हातानं," एरिक म्हणाला. "एक ओरखडा उठायचा न्हाय."

होडी आधी धुरी देणाऱ्याकडे गेली. तीन दिवस प्लॅस्टिकखाली, विषारी वायूत, म्हणजे जुन्या लाकडात जे काही जिवंत असेल ते मरावं. प्रमाणपत्र मिळालं. मग ती गोडाऊनमध्ये आली. एरिक नेहमीसारखा शेजारी बसला, पण या वेळी फार वेळ. चंदन दोनदा चहा ठेवून गेला, दोन्ही गार झाले. मग एरिकने छापाच्या पाइनची बैठक बनवली, होडीच्या पोटाच्या आकाराला तासून, वर फोम. होडी तीवर उतरवली. मापात बसली. हलली नाही. त्यात काहीच चूक नव्हती.

पण त्याच्या वडिलांचा एक रिवाज होता. दुसऱ्या सुतारांकडे होता की नाही ठाऊक नाही. त्यांच्या घरात होता. होडी बांधून जे लाकूड उरेल त्यातून तिचेच चार टेकू कापायचे, आणि किनाऱ्यावर ती त्यांच्यावरच उभी करायची. होडी विकली तर टेकूही तिच्याबरोबर द्यायचे. परक्या लाकडावर होडी निजत नाही, असं वडील म्हणायचे. सॅव्हियोनेही या होडीचे चार टेकू कापले होते.

ते टेकू एरिककडे होते. भाऊ गेला त्या महिन्यात, घरात सगळी माणसं जमलेली असताना, त्याने ते अंगणातून उचलून आपल्या घरी नेले होते. कुणाला विचारलं नाही. त्याला भावाच्या हातचं काहीतरी हवं होतं, एवढंच. त्याच्या मोरीत, पाण्याच्या पिंपाखाली, ते दहा वर्षं पडून होते.

विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. एरिक दुपारी उत्तनला गेला आणि टेकू पिशवीत घालून परत आला. त्याने ते ठोकून पाहिले, कानाशी धरून हलवून पाहिले, वास घेतला. लाकूड टणक वाटलं. नियम त्याला माहीत होता. हे टेकू धुरीला पाठवायचे, तर आणखी तीन दिवस. त्याने बैठकीत खाचा पाडून चारही नीट बसवले, जिथून ते होडीला टेकतील पण वरून दिसणार नाहीत.

चंदन वाकून बघत होता. "अंकल, इसपे छाप नहीं है."

"ये अलग लकड़ी नहीं है. नाव का ही हिस्सा है."

"मेरा डंडा भी झाडू का हिस्सा था, अंकल."

चंदन गमतीने म्हणाला होता. एरिक हसला नाही. "पेटी बंद कर," तो म्हणाला.

चंदनने पेटी बंद केली. तो नंतर म्हणाला, मला वाटलं, अंकल म्हणतायत म्हणजे त्यांना माहीत असेल. त्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे? सकाळी टेम्पो दहिसरच्या नाक्यावरून सहारच्या विमानतळावर गेला. एरिक मागे पेटीपाशी बसून गेला, जे तो कधीच करत नाही. कार्गोच्या दारात पेटी पट्ट्यावर चढली, पेटी कलली की लाल होणारा स्टिकर तिच्यावर होता, तो पांढराच होता. एरिकने मोबाइलवर त्याचा फोटो काढून शेरॉनला पाठवला. शेरॉनने आईला दाखवला. कार्मिनने विचारलं, "ह्यात होडी कुठं हाय?"

अकरा दिवसांनी यतीनभाईंनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"बस, एरिक." यतीनभाई एरवी त्याला बसायला सांगत नाहीत, कारण तो बसत नाही. त्यांनी स्क्रीन वळवली, तिकडच्या तपासनिसांची मेल होती. फोटोत एक टेकू होता, उभा चिरलेला. आत बोटभर लांबीच्या बोगद्यांची नक्षी, पिठासारखा भुसा, आणि एका नाण्याशेजारी ठेवलेली पांढरी अळी. दुसऱ्या फोटोत होडीचा कणा, आणि टेकू जिथे टेकला होता नेमकं तिथे सुईने टोचल्यासारखी तीन ताजी भोकं.

एरिकने फोटो मोठा करायला सांगितला नाही. त्याला लाकूड ओळखू आलं होतं.

"ये धुरीवाले का लोचा है ने?" यतीनभाई म्हणाले. "सर्टिफिकेट उसका है. मैं उसपे डाल देता हूँ. तू बस बोल."

"नाय, यतीनभाई. धुरीवाल्याने बरोबर केलं. ते टेकू माझे."

"तेरे? छाप के बगैर?" यतीनभाईंनी चष्मा काढला. "एरिक, तूने? दूसरा कोई होता तो मैं मानता."

"परत आणता येईल?" एरिकने विचारलं. उत्तर त्याला माहीत होतं. जिवंत कीड सापडली की परत पाठवत नाहीत. वाटेत ती आणखी कुठे उतरू नये म्हणून. आणि पेटीतलं सगळं लाकूड मग एकच धरतात. छापाचं, बिनछापाचं, धुरी दिलेलं, न दिलेलं.

"वो मेल काम होने के बाद का है," यतीनभाई म्हणाले, आणि त्यांनी प्रिंटरमधून निघालेला कागद त्याच्यापुढे सरकवला. मग ते खिडकीतून खाली चाललेली मालाची चढउतार बघत राहिले. त्यांनी त्याला कामावरून काढलं नाही, रागावलेही नाहीत. म्युझियमनेही दिलगिरी कळवली होती. नियमच तसा आहे, म्हणाले होते. एरिकवर ओरडायला कुणीच नव्हतं.

तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला. बस मुर्धे, राई अशी गावं घेत गेली. बाजूला बसलेल्या बाईने त्याच्या मांडीवर आपली भाजीची पिशवी ठेवली, ती त्याने उत्तनपर्यंत धरून ठेवली.

कार्मिन अंगणात सुके बोंबील निवडत होती. होडी गेल्यावर त्या जागेवर तिने प्लॅस्टिक अंथरलं होतं.

"आज लवकर?" तिने वर न बघता विचारलं. "बस. च्या ठेवू?"

"नको. वयनी, होडी..."

"पोचली ना. शेरॉन म्हनली."

"पोचली," एरिक म्हणाला. "पन त्यांनी जाळली."

कार्मिनच्या हातातला बोंबील तसाच राहिला. तिने त्याच्याकडे पाहिलं, जणू तो मस्करी करतोय आणि ती त्याच्या तोंडावर हसू शोधतेय. एरिकने सगळं सांगितलं. अळी, भोकं, नियम. यात माझी चूक आहे, हे त्याने आधी सांगितलं आणि शेवटी पुन्हा सांगितलं. मधे कुठेतरी तो टेकू म्हणाला, तेव्हा कार्मिनने त्याला थांबवलं.

"कंचे टेकू?"

"त्याचे. सॅव्हियोनं कापलेले."

"ते तुज्याकडं होते?"

"मोरीत. पिंपाखाली," एरिक म्हणाला.

"मी शोधले," कार्मिन म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तो गेला त्या साली दिवाळीपर्यंत शोधत होते. वाळूत उकरून बघलं. मना वाटलं, लोकांनी सरपनाला नेले. शेजारनीशी भांडले मी त्याच्यापायी. अजून ती माज्याशी बोलत न्हाय."

"मना त्याचं कायतरी हवं होतं, वयनी."

"मग मागायचं व्हतं," कार्मिन म्हणाली. "दोन दिले असते."

बोंबलांवर माश्या बसत होत्या. तिने हाताने हाकलल्या. मग तिने विचारलं, "तशीच जाळली का तोडून?"

एरिकने या प्रश्नाचा विचार बसमध्ये केला होता. राईपासून उत्तनपर्यंत तो 'तशीच' हा शब्द तोंडात धरून आला होता. आता तो त्याला बोलता येईना.

"तोडून," तो म्हणाला. "मशिनीत."

"तू बघलंस?"

"न्हाय. कागदावर लिवलंय."

"हाय तो कागद?"

त्याने खिशातून काढला. इंग्रजी होता. कार्मिन सहावीपर्यंत शिकली होती, मराठीतून. पण कागद हातात घेऊन ती तो वरपासून खालपर्यंत बघत राहिली, वाचल्यासारखा. मग परत दिला. "वाच."

"वयनी..."

"वाच ना."

एरिक उन्हात उभा राहून वाचू लागला. एकेक ओळ इंग्रजीत बघायची आणि त्यांच्या बोलीत सांगायची. असं त्याने कधी केलं नव्हतं; त्या कागदातले शब्द त्यांच्या बोलीत नव्हतेच. एक नग. होडी, लाकडाची, जुनी. लांबी. रुंदी. कुठल्या विमानानं आली, तो नंबर. जिवंत कीड गावली. होडी, टेकू चार, पेटी, समदं एकत्र. मशिनीनं बारीक केलं. मग भट्टीत. तारीख. साहेबाची सही.

"त्याचं नाव कुठं हाय?"

"कुनाचं?"

"सॅव्हियोचं. त्यांनी म्हटलं व्हतं ना, नाव लिवनार."

एरिकने कागद पुन्हा वरपासून पाहिला, नसलेली गोष्ट सापडेल म्हणून. बनवणाऱ्याचा रकाना असल्या कागदात नसतो. "न्हाय," तो म्हणाला. "ते पाटीवर लिवनार होते. पाटी आता..."

"मंग ह्ये कुनाचं नाव?" कार्मिनने बोट ठेवलं. खालच्या कोपऱ्यात, एकट्या ओळीत, मोठ्या अक्षरात एक नाव होतं. अक्षरं तिला लागली नसतील, पण नाव आहे एवढं तिला कळलं होतं. त्यातलं आडनाव ती तीस वर्षं स्वतःच्या नावापुढे लावत होती.

"ते माजं," एरिक म्हणाला. "पेटी ज्यानं भरली त्याचं लिवतात."

कार्मिनने मान हलवली. मागे गल्लीत कुणाची तरी रिक्षा चालू होईना, दोनदा, तीनदा, मग झाली आणि गेली.

"बस तिथं," ती म्हणाली आणि पाट सरकवला. एरिक बसला. तिने बोंबलांची टोपली बाजूला केली, पदराने हात पुसले, मांडीवर ठेवले.

"आता पुना वाच," ती म्हणाली. "हळू वाच. होडी म्हनतात तिथनं."